किशोरवयीन मुलांसह लांबची क्रूझ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पुढच्या उन्हाळी सुट्टीची आखणी घराघरांत सुरू झाली आहे आणि या वेळी क्रूझविषयीची पत्रे नेहमीपेक्षा बरीच जास्त आली आहेत. त्यांतील बहुतेक पत्रांत काळजी एकच आहे : मुले आता लहान राहिलेली नाहीत, मोठीही झालेली नाहीत, आणि आठ-दहा दिवस त्यांना एका जहाजावर घेऊन जायचे आहे. लहान मुलांचे पोहण्याचा तलाव आणि आइस्क्रीम यांवर भागते. तेरा ते सतरा या वयाचे तसे नसते. म्हणून हा संपूर्ण स्तंभ याच वयाच्या मुलांसाठी दिला आहे.

प्रश्न : आमचा मुलगा १६ वर्षांचा असून यंदा दहावीला आहे, मुलगी १३ वर्षांची आहे. माझ्या पतींच्या मनात मे महिन्यात भूमध्य समुद्रातील ११ रात्रींची क्रूझ करायची आहे. बार्सिलोनाहून निघून मार्सेय, सिव्हितावेक्किया, नेपल्स, सान्तोरिनी, तुर्कस्तानातील कुशादासी आणि मायकोनोस अशी बंदरे करत ती अथेन्सच्या पिरेयस बंदरात संपते. मधले तीन दिवस जहाज पूर्णपणे समुद्रावर असते. मुलगी आनंदात आहे, मात्र मुलगा 'मी आजीकडे राहतो, तुम्ही जा' असे म्हणतो. ११ रात्री फार होतील का? आणि मुलाला आग्रह करावा का? — एक वाचक, पुणे

उत्तर : ११ रात्रींच्या आकड्यापेक्षा मला तुमच्या पत्रातील मे महिना अधिक महत्त्वाचा वाटतो. म्हणून आधी तारखांचे पाहू.

दहावीचा निकाल २०२४ साली २७ मे रोजी आणि २०२५ साली १३ मे रोजी लागला. निकालापाठोपाठ अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाची धावपळ सुरू होते : नोंदणी, कागदपत्रे, महाविद्यालयांचा पसंतीक्रम आणि प्रत्येक टप्प्यावर मोबाइलवर येणारा ओटीपी. तुम्ही त्या वेळी नेपल्स आणि सान्तोरिनीच्या मधे असाल, तर भारतीय सिमकार्डाला नेटवर्क नसेल आणि जहाजावरील इंटरनेट त्या क्षणी कसे चालेल याची खात्री देता येणार नाही. मुलाचे लक्ष सहलीत लागणार नाही आणि तुमचेही लागणार नाही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात निघून मेच्या पहिल्या आठवड्यात परत येणे तुमच्यासाठी सर्वांत सोयीचे आहे. मुलीच्या शाळेचे वेळापत्रक मात्र आधी पाहून घ्या.

तारखांशी निगडित आणखी एक बाब माहितीपत्रकांत सापडत नाही. आपली सुट्टी ती युरोपची सुट्टी नव्हे. इटलीतील शाळा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सुटतात, स्पेनमधील जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि फ्रान्समधील जुलैच्या आरंभी. ब्रिटनमधील मुलांना मेअखेरीस एक आठवड्याची सुट्टी असते, पण मोठी सुट्टी जुलैच्या उत्तरार्धात लागते. त्यामुळे ऐन मे महिन्यात भूमध्य समुद्रातील जहाजावर निवृत्त जोडपी भरपूर भेटतात, सोळा वर्षांची मुले फारशी भेटत नाहीत. किशोरांसाठी राखलेली खोली, तिथले खेळ, तिथला उत्साही कर्मचारी हे सारे असते, परंतु मुलेच नसतील तर त्या खोलीत दोघे भाऊ-बहीणच टेबल टेनिस खेळत बसतात. ज्यांच्या घरी बोर्डाचे वर्ष नाही त्यांनी जूनचा पहिला पंधरवडा निवडावा, असे मी सुचवेन. आपल्या बहुतेक शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि तोवर काही युरोपीय व अमेरिकी कुटुंबे जहाजांवर येऊ लागलेली असतात. तुम्हाला ते शक्य नाही. तेव्हा जहाजावर समवयस्क कमी भेटतील हे धरून चाला आणि त्या मानाने मार्ग निवडा. तीन समुद्रदिवसांऐवजी एखादाच समुद्रदिवस असलेली, सात किंवा आठ रात्रींची क्रूझ घ्या. उरलेले दिवस आरंभी बार्सिलोनात किंवा शेवटी अथेन्समध्ये जमिनीवर घालवा. मुलांना जहाज अपुरे वाटले, तर पुढच्या वेळी ११ रात्री आहेतच.

आता मुलाविषयी. या वयाच्या मुलाने 'मी येत नाही' म्हणणे हा बहुतेकदा सहलीला विरोध नसतो. ठरवताना आपल्याला कोणी विचारले नाही, याची ती तक्रार असते. तुमच्या पत्रात बंदरे, तारखा, जहाज सगळे ठरलेले दिसते. त्यातील काय मुलाने ठरवले आहे, याचा उल्लेख नाही. त्याच्यासमोर नकाशा ठेवा आणि एक पूर्ण बंदर त्याच्या हवाली करा. सकाळी किती वाजता उतरायचे, कशाने जायचे, काय पाहायचे, कुठे जेवायचे आणि किती वाजता परतायचे, हे सारे त्याने ठरवायचे व त्या दिवशी तुम्ही तिघांनी त्याच्या मागून जायचे.

त्यासाठी मी नेपल्स सुचवेन. तिथून सर्कुमवेसुवियाना नावाची लोकल गाडी सुमारे ३५ ते ४० मिनिटांत पॉम्पेईच्या अवशेषांच्या दारात नेऊन सोडते. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकाने हे शहर राखेखाली गाडले गेले, इतके मुलांनी वाचलेले असते. प्रत्यक्षात त्यांचे पाय खिळतात ते रस्त्यांवर. दगडी रस्त्यात गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या आजही बोटांनी चाचपता येतात. रस्ता ओलांडताना पाय चिखलात जाऊ नयेत म्हणून मधे उंच दगड बसवलेले आहेत, आणि चाके निघून जातील एवढे अंतर त्या दगडांमध्ये सोडलेले आहे. राखेत कुजून गेलेल्या देहांच्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून त्यांचे आकार काढण्याची पद्धत १८६३ मध्ये ज्युसेप्पे फियोरेल्ली या पुरातत्त्वज्ञाने वापरात आणली. ते साचे पाहताना बडबडी मुलेही गप्प होतात. एवढा दिवस जर त्याने स्वतः आखलेला असेल तर त्याच्या मनात या सहलीची जागा बदलेल, असा मला विश्वास वाटतो.

सिव्हितावेक्कियाबद्दल मात्र सावध करतो. माहितीपत्रकात 'रोम' असे लिहिलेले असले, तरी हे बंदर रोमपासून ७० ते ८० किलोमीटर दूर आहे. बंदरातून स्थानकापर्यंतची बस आणि पुढे साधारण तासाभराची रेल्वे धरली तर रोमसाठी हातात पाच-सहा तास उरतात. त्यात कोलोसियम, व्हॅटिकन आणि ट्रेव्ही कारंजे असे सगळे उरकण्याचा हट्ट धरला, की उन्हात धावणारी, चिडलेली मुले आणि सारखे घड्याळ पाहणारे पालक असे दृश्य ठरलेले. रोममध्ये एकच मोठे ठिकाण पाहा. सकाळी लवकर निघावे लागेल, हे आदल्या रात्रीच मुलांना सांगा. किशोरवयात झोप आणणारे मेलाटोनिन शरीरात उशिरा स्रवू लागते. म्हणून या मुलांना रात्री झोप लवकर येत नाही आणि सकाळी उठवत नाही. त्यात आळसाचा भाग मोठी माणसे समजतात त्याहून कमी असतो. लागोपाठ दोन बंदरांच्या दिवसांनंतर येणाऱ्या समुद्रदिवशी त्यांना दहा-अकरापर्यंत खुशाल झोपू द्या. न्याहारी चुकली तरी जहाजावर उपाशी राहण्याची वेळ येत नाही.

व्हिसाचे थोडक्यात सांगतो. कुशादासी शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर आहे आणि तिथून जहाज पुन्हा ग्रीसमध्ये येते. म्हणून चौघांनाही एकापेक्षा अधिक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा लागेल. १२ वर्षे पूर्ण झालेल्यांना बोटांचे ठसे द्यावे लागतात, तेव्हा दोन्ही मुलांना व्हिसा केंद्रावर न्यावे लागेल. जहाजाने येणाऱ्या भारतीय प्रवाशांना तुर्कस्तानात उतरण्यासाठी काय लागेल, हे क्रूझ कंपनीकडून लेखी घ्या. अल्पवयीन मुलांचा पासपोर्ट सहसा पाचच वर्षांसाठी असतो, आणि घाईत त्याची मुदत पाहायची राहून जाते. ती आजच पाहा.

प्रश्न : चौघांसाठी एकच केबिन घेतली तर मुलांचे भाडे फार कमी पडते, असे टूर कंपनी सांगते. मुले १४ आणि १७ वर्षांची आहेत. एक केबिन पुरेल का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : दोन-तीन रात्रींसाठी पुरेल. आठवडाभरासाठी मी एकच केबिन घेऊ नका, असेच सांगेन. साध्या केबिनचे क्षेत्रफळ बहुधा १५ ते १८ चौरस मीटर असते. त्यात एक दुहेरी पलंग, एक सोफा, छतातून किंवा भिंतीतून खाली उघडणारी एक-दोन शयने आणि एकच न्हाणीघर. वरची शयने रात्री उघडली की उभे राहायला जागा उरत नाही. आई-वडील दहा वाजता झोपणार, १७ वर्षांचा मुलगा मध्यरात्रीनंतर येणार, दार उघडल्यावर बोळातला उजेड थेट तुमच्या डोळ्यांवर पडणार. चौथ्या दिवशी भांडणे सुरू होतात आणि त्यांचे कारण सहल नसते, जागा असते.

याऐवजी शेजारशेजारच्या किंवा समोरासमोरच्या दोन आतल्या केबिन घ्या. त्यांना खिडकी नसते आणि भाडे सर्वांत कमी असते. एका बाल्कनीच्या केबिनमध्ये चौघे आणि दोन आतल्या केबिनमध्ये दोघे-दोघे, या दोन्हींचे एकूण भाडे विचारून पाहा. पुष्कळदा फरक अपेक्षेपेक्षा कमी निघतो. मधे आतून दार असलेल्या जोडकेबिनही मिळतात, मात्र त्या संख्येने थोड्या असल्याने लवकर संपतात. अनेक कंपन्यांच्या नियमानुसार प्रत्येक केबिनमध्ये एक सज्ञान प्रवासी असावा लागतो आणि पालकांची केबिन लगतची असेल तर या नियमातून सूट मिळते. काही कंपन्या कागदोपत्री एकेका पालकाचे नाव एकेका केबिनवर ठेवून चावीची जादा कार्डे देतात. आरक्षणापूर्वीच हे विचारा.

'मुले मोफत' या जाहिरातीचा अर्थही नीट समजून घ्यावा. मोफत असते ते केबिनमधील तिसऱ्या व चौथ्या प्रवाशाचे मूळ भाडे. बंदरशुल्क, कर, दर दिवसाचे सेवाशुल्क, विमा, विमानभाडे आणि किनाऱ्यावरच्या सहली यांचे पैसे मुलांचेही भरावे लागतात. अमेरिकी कंपन्यांचे सेवाशुल्कच माणशी दररोज साधारण १५ ते २० डॉलर असते, आणि १४ वर्षांच्या मुलासाठी ते मोठ्या माणसाइतकेच पडते. चौघांचे आठ दिवसांचे गणित घरी बसूनच करा.

आपल्याकडची काही कुटुंबे सामानात विजेची किटली, इस्त्री आणि एक्स्टेंशन बोर्ड ठेवतात. आगीच्या धोक्यामुळे या तिन्ही वस्तू जहाजांवर सहसा चालत नाहीत. चढताना सामानाच्या तपासणीत त्या काढून घेतल्या जातात आणि उतरताना परत मिळतात. केबिनमध्ये प्लग थोडे असतात, म्हणून एकाच अडॅप्टरवर अनेक यूएसबी तारा लागतील असा साधा चार्जर न्या. दोन किशोरवयीन मुलांच्या घरात ही वस्तू किती वाद वाचवते, हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न : माझी मुलगी १५ वर्षांची आहे. क्रूझवर मुलांना एकटे फिरू देतात, असे मैत्रिणीने सांगितले. ठाण्यात आम्ही तिला रात्री नऊनंतर एकटी बाहेर जाऊ देत नाही. जहाजावर मोकळीक द्यावी का? तिथे ती किती सुरक्षित असते? — एक आई, ठाणे

उत्तर : मोकळीक द्यावी, असे मी मनापासून सांगतो, आणि ती कोणत्या अटींवर द्यावी हेही तितक्याच आग्रहाने सांगतो.

जहाजाला हद्द असते. बंदर सोडल्यावर कोणी आत येत नाही आणि कोणी बाहेर जात नाही. चढणाऱ्या-उतरणाऱ्या प्रत्येकाचे कार्ड छायाचित्रासह तपासले जाते आणि मोकळ्या जागांत सर्वत्र कॅमेरे असतात. बंदरात १८ वर्षांखालील मुलांना सोबत मोठे माणूस असल्याशिवाय बहुतेक कंपन्या उतरू देत नाहीत. अनेक जहाजांवर अल्पवयीनांनी रात्री एकनंतर एकटे फिरू नये, असा नियमही असतो. शहरात वाढणाऱ्या मुलीला स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेळेने हिंडण्याची अशी जागा क्वचितच मिळते. या वयाच्या मुलींना ती मिळावी, असे मला फार वाटते.

तरीही जहाज म्हणजे हजारो अनोळखी माणसांची वस्ती आहे आणि तिथेही गुन्हे घडतात. अमेरिकेने २०१० मध्ये क्रूझ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार कठड्यांची उंची किमान ४२ इंच आणि केबिनच्या दारांना बाहेरचा माणूस दिसेल असे भिंग बंधनकारक झाले, तसेच लैंगिक अत्याचारासह गंभीर गुन्ह्यांची नोंद आणि माहिती देणेही कंपन्यांवर बंधनकारक झाले. असा कायदा करावा लागला, यातच काय ते आले. म्हणून मुलीशी निघण्यापूर्वी घरीच स्पष्ट बोला. ओळख कितीही छान झाली असली, तरी कोणाच्याही केबिनमध्ये जायचे नाही आणि कोणाला आपल्या केबिनमध्ये आणायचे नाही. भेटायचे ते चारचौघांच्या जागेत. कर्मचाऱ्यांच्या दारांपलीकडे जायचे नाही; प्रवाशांशी वैयक्तिक सलगी करण्यास कर्मचाऱ्यांना मनाई असते, आणि कोणी ती करू लागला तर लगेच सांगायचे. स्वतःचा पेला नजरेआड ठेवायचा नाही. केबिनचा क्रमांक कोणाला सांगायचा नाही. बाल्कनीच्या किंवा डेकच्या कठड्यावर बसायचे नाही, छायाचित्रासाठीसुद्धा नाही. काही विपरीत घडलेच तर स्वागतकक्षाकडे धाव घ्यायची आणि आई-बाबांना उठवायचे. कितीही वाजले असले आणि चूक कोणाचीही असली, तरी घरचे रागावणार नाहीत, हा शब्द तिला द्या आणि पाळा.

वेळेचा नियम तिच्याशी बोलून ठरवा. दुपारी एकदा आणि रात्रीच्या जेवणाला सर्वांनी एकत्र यायचे, एवढे पुरेसे आहे. जेवणाची ठरावीक वेळ आणि ठरावीक टेबल घेतले, तर तोच वाढपी रोज भेटतो, दुसऱ्या दिवसापासून मुलांना नावाने हाक मारतो आणि मुले आपणहून वेळेवर येऊ लागतात. मोठ्या मुलांचे कार्यक्रम रात्री नऊनंतर रंगतात, तेव्हा लवकरची पंगत निवडा. केबिनची दारे बहुधा धातूची असतात. एक लोहचुंबक आणि कागदाचे पॅड बरोबर न्या आणि 'मी तलावाकडे, पाचपर्यंत' असे लिहून जाण्याची सवय चौघांनाही लावा, तुम्हालाही. मुलगी कुठे आहे हे तिने सांगायचे असेल तर आई कुठे आहे हे तिलाही कळायला हवे.

किशोरांच्या क्लबबाबत एक नेमकी गोष्ट विचारून घ्या : वयोगट कसे पाडले आहेत? काही कंपन्या १२ ते १४ आणि १५ ते १७ असे दोन गट करतात, काही १३ ते १७ असा एकच गट ठेवतात. एकाच गटात तेरा वर्षांची मुलगी आणि सतरा वर्षांचा मुलगा असणे आणि पंधराव्या वर्षी समवयस्कांच्या गटात असणे, यांत मोठा फरक आहे. तुमच्या मुलीसाठी मी दोन गटांचे जहाज निवडेन. पहिल्या संध्याकाळच्या ओळखीच्या कार्यक्रमाला ती जाईल, असे पाहा. मैत्रीची मंडळे पहिल्या दोन दिवसांत जमतात आणि पाचव्या दिवशी आत शिरणे लाजऱ्या मुलांना अवघड जाते. युरोपातून निघणाऱ्या जहाजांवर इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन अशा अनेक भाषा कानावर पडतात आणि इंग्रजी त्यांतली एक असते, हेही तिला आधी सांगून ठेवा.

मद्याविषयी मोघम बोलू नका. युरोपातील बहुतेक जहाजांवर १८ व अमेरिकेतून निघणाऱ्यांवर सहसा २१ वर्षांखालील प्रवाशांना मद्य दिले जात नाही, पण मोठ्या मुलांनी लहानांना आणून देण्याचे प्रकार होतात आणि पकडले गेल्यास कुटुंबालाही जाब द्यावा लागतो.

जहाज सुटण्यापूर्वी होणारी संकटकालीन सूचनांची कवायत, जिला मस्टर ड्रिल म्हणतात, ती मुलांना टाळू देऊ नका. १३ जानेवारी २०१२ रोजी कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळले आणि ३२ जणांचा मृत्यू झाला. नुकतेच चढलेल्या काही प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. त्यानंतर निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी कवायत घेणे आंतरराष्ट्रीय नियमांनी सक्तीचे झाले. आता पुष्कळ जहाजांवर फोनवर चित्रफीत पाहून नेमून दिलेल्या जागी कार्ड दाखवले की झाले. तुम्ही मात्र मुलीला घेऊन केबिनपासून त्या जागेपर्यंत जिन्याने एकदा चालत जा. ती जहाजभर एकटी हिंडणार असेल, तर जहाजाच्या कोणत्याही टोकापासून ती जागा तिला सापडली पाहिजे.

प्रश्न : मुलांच्या फोनचे काय करावे? मागच्या वर्षी एका नातेवाइकांना जहाजावरून आल्यावर मोबाइलचे भलेमोठे बिल आले होते. — एक वाचक, नाशिक

उत्तर : त्यांचा फोन जहाजाच्या उपग्रहाधारित मोबाइल नेटवर्कला जोडला गेला असावा. किनारा दूर गेला की फोन आपोआप ते नेटवर्क पकडतो आणि आपण घेतलेल्या साध्या आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅकमध्ये ते बहुधा धरलेले नसते. उपाय एकच : जहाज निघण्याआधी चारही फोन फ्लाइट मोडवर टाकायचे आणि त्यानंतर फक्त वाय-फाय सुरू करायचे. मुलांचे फोन स्वतःच्या हाताने तपासा.

जहाजाचे वाय-फाय वेगळे विकत घ्यावे लागते आणि ते उपकरणागणिक असते. घरूनच आधी घेतले तर सहसा स्वस्त पडते. अलीकडे स्टारलिंक ही उपग्रहाधारित इंटरनेट सेवा आल्यापासून अनेक जहाजांवर वेग पुष्कळ सुधारला आहे, व्हिडिओ कॉलही होतात. त्यामुळे प्रश्न पैशांचा कमी आणि घरातील मताचा अधिक झाला आहे. मुलांना इंटरनेट अजिबात घेऊ नये, असे माझे मत नाही. १६ वर्षांच्या मुलाचे सगळे मित्र त्या फोनमध्ये असतात. एक पॅकेज दोघांनी वाटून, वेळ ठरवून वापरावे. अनेक कंपन्यांच्या ॲपमध्ये जहाजापुरते संदेश पाठवण्याची सोय असते आणि काही कंपन्या ती विनाशुल्क देतात. आई-वडिलांना मुलांना शोधण्यासाठी तेवढे पुरते.

खर्चाचे कार्ड हा त्याहून मोठा धोका आहे. केबिनचे दार उघडणाऱ्या कार्डावरच जहाजावरील सर्व खरेदी होते आणि रक्कम तुमच्या क्रेडिट कार्डावर जाते. हातात नोटा नसल्याने मुलांना खर्च जाणवत नाही. व्हिडिओ गेमचे दालन, फळांची पेये आणि छायाचित्रे यांत पैसा झरझर जातो. पहिल्याच दिवशी स्वागतकक्षात मुलांच्या कार्डांना मर्यादा घालून घ्या, आणि ती रक्कम किती हे मुलांना सांगा. उरलेले पैसे त्यांचे, असे ठरवले तर मुले फार जबाबदारीने वागतात.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुले १४ व १७ वर्षांची असून अमेरिकी नागरिक आहेत. सांगलीहून माझे आई-वडील अमेरिकेच्या पर्यटक व्हिसावर येणार आहेत. सिॲटलहून सात रात्रींची अलास्का क्रूझ सर्वांनी मिळून करावी, असा विचार आहे. शेवटच्या दिवशी संध्याकाळी जहाज काही तास कॅनडातील व्हिक्टोरियाला थांबते. काय काळजी घ्यावी? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तो काही तासांचा थांबाच तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. परदेशी ध्वजाच्या जहाजाने अमेरिकी बंदरातून प्रवासी घेऊन, वाटेत परदेशी बंदर न घेता त्यांना पुन्हा अमेरिकी बंदरात उतरवू नये, असा १८८६ सालचा कायदा आहे. म्हणून सिॲटलची जहाजे व्हिक्टोरियाला जातात. आई-वडिलांकडे भारतीय पासपोर्ट असल्याने, त्यांना जहाजावरून उतरायचे नसले तरी, कॅनडाचा व्हिसा काढून घ्या. तो नसेल तर सिॲटलच्या धक्क्यावर चढूच न देण्याची शक्यता असते. अमेरिकेत परत प्रवेश करता येईल असा, एकापेक्षा अधिक प्रवेशांचा आणि मुदतीतील अमेरिकी व्हिसाही हवा.

मुलांच्या दृष्टीने तुमची निवड उत्तम आहे. जुलैमध्ये अमेरिकेतील शाळा बंद असल्याने जहाजावर समवयस्क मुलेच मुले असतात. वाटेतल्या जुनो बंदराजवळ मेंडनहॉल हिमनदी आहे. स्कॅगवे बंदरात, क्लोंडाइक भागात सोने सापडल्यावर उडालेल्या धावपळीत, १८९८ ते १९०० दरम्यान, डोंगर फोडून बांधलेली व्हाइट पास रेल्वे आहे. आजी-आजोबा त्या रेल्वेत आरामात बसून दऱ्या पाहू शकतात आणि मुलांना त्याच दिवशी वडिलांबरोबर डोंगरात चालायला जाता येते. तीन पिढ्यांनी प्रत्येक बंदरात एकत्रच उतरण्याचा हट्ट धरू नका. अलास्कात मात्र डोळे उघडे ठेवून डेकवर बसण्यातच अर्धी सहल असते, आणि हे सतरा वर्षांच्या मुलाला गळी उतरवणे सोपे नाही. ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानातून जाणारा मार्ग मिळाला तर तोच घ्या. तिथे दिवसाला जास्तीत जास्त दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश असतो आणि उद्यानाचे रेंजर जहाजावर येऊन समजावून सांगतात. हिमनदीचा कडा तुटून पाण्यात कोसळतो तेव्हा आधी तो दिसतो आणि गडगडाट काही क्षणांनी पोहोचतो. हे अंतर मोजायला मुलांना सांगा, म्हणजे कडा किती दूर आहे याचा हिशेब ती स्वतः मांडतील.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत आणि मुलाला बसमध्येही मळमळते. क्रूझ झेपेल का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आहाराची नोंद आरक्षणाच्या वेळीच करा आणि पहिल्या रात्री मुख्य भोजनगृहातील प्रमुख वाढप्याला प्रत्यक्ष भेटा. मोठ्या जहाजांवरील स्वयंपाकघरांत आणि भोजनगृहांत भारतीय कर्मचारी पुष्कळ असतात. आदल्या रात्री सांगून ठेवले तर डाळ, भाजी, भात करून देतात. अंडे आणि मासे चालत नाहीत, हेही निराळे सांगा. मुले बहुधा पिझ्झा आणि पास्तावर खूश असतात.

मळमळीसाठी केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या डेकवर घ्या. तिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. भूमध्य समुद्र उन्हाळ्यात सहसा शांत असतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यामधील एजियन समुद्रात मेल्तेमी नावाचे जोरदार वारे वाहतात, तेवढा काळ टाळा. गोळी उलटी सुरू झाल्यावर फारशी उपयोगी पडत नाही, आधी घ्यावी लागते. कोणती आणि किती, हे मुलाच्या वजनानुसार तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा आणि गुंगी किती येते हे पाहण्यासाठी घरीच सुट्टीच्या दिवशी एकदा देऊन बघा. इतक्या लांब जाण्याआधी मुंबईहून गोव्याकडे किंवा लक्षद्वीपकडे जाणारी दोन-चार रात्रींची क्रूझ करून पाहणे तुमच्यासाठी सर्वांत शहाणपणाचे ठरेल. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, म्हणून ती नोव्हेंबर ते मार्चमध्ये करा.